पांघरुणाची काळजी, अंथरुणाकडे दुर्लक्ष

डिसेंबर-जानेवारीतला सोमवार आमच्या सिन्नरच्या दवाखान्यात लगेच ओळखू येतो. सर्दी-खोकल्याच्या रांगेत दोन-तीन तरुण असे असतात, ज्यांना ना ताप असतो ना सर्दी. मान एका बाजूला धरलेली, उठता-बसता कंबरेवर हात. "शनिवारी कुठं गेला होतात?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. पट्टा, औंढा, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, नाहीतर भंडारदऱ्याला तंबूत. "खाली काय अंथरलं होतं?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं असतं. "सतरंजी होती ना डॉक्टर. आणि स्लीपिंग बॅग चांगली भारीतली आहे."

बूट पाच हजारांचे, जॅकेट तीन हजारांचं, स्लीपिंग बॅग भारीतली आणि पाठीखाली सतरंजी! आज याच विषयावर लिहायचं आहे. ट्रेकला जाणारा माणूस पांघरुणाची जेवढी काळजी करतो, त्याच्या निम्मीही अंथरुणाची करत नाही. माझं मत असं, की सॅक भरताना सगळ्यात आधी अंथरुणाचा विचार करायला हवा. ही चैन नाही. ती आरोग्याची आणि कधी कधी जिवाची गोष्ट आहे. मी हे स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

विश्रामगडावर विश्रांती मिळाली नाही

पट्टा किल्ला आम्हा सिन्नरकरांना घरचा. ठाणगावमार्गे गेलं की तास-दीड तासात पायथा गाठता येतो. उंची सुमारे १,३९० मीटर. १६७९ साली जालन्याच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराजांनी इथे काही दिवस मुक्काम केला आणि गडाला नाव पडलं विश्रामगड.

बऱ्याच वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही चार मित्र गडावर मुक्कामाला गेलो होतो. गुहेत दगडावर सतरंज्या अंथरल्या, अंगावर दोन-दोन ब्लँकेटं घेतली. दहा वाजता झोप लागली आणि बाराच्या सुमाराला मोडली. पाठ गार पडली होती. मी स्वेटरवर जॅकेट घातलं, कानटोपी ओढली. तरी फरक नाही. दोनच्या सुमाराला दात वाजायला लागले. पायथ्याच्या वाडीतले एक आजोबा आमच्यासोबत वाट दाखवायला आले होते. ते कुशीवर वळून म्हणाले, "वरून किती घालाल साहेब? गारठा खालून येतोय." आणि त्यांनी स्वतःजवळची जास्तीची घोंगडी दुहेरी करून माझ्या पाठीखाली सरकवली. वरचं एक ब्लँकेटही काढून खाली टाकायला लावलं. पंधरा मिनिटांत मला झोप लागली. शरीरशास्त्र मी शिकलो होतो, पण त्या रात्री ते वापरलं आजोबांनी.

गोष्ट इथे संपली असती तर गमतीची झाली असती. तसं झालं नाही. मला जेमतेम तीन तास झोप मिळाली होती, बाकीच्यांना तेवढीही नाही. सकाळी उतरताना आमच्यातल्या एकाचा पाय घसरला आणि हात टेकवताना मनगटाचं हाड मोडलं. त्याला घेऊन मी गाडी चालवत निघालो आणि सरळ, रिकाम्या रस्त्यावर क्षणभर माझा डोळा लागला. गाडी डांबर सोडून मुरमावर गेली, तेव्हा चाकांच्या आवाजाने जाग आली. समोर झाड नव्हतं, माणूस नव्हता, एवढंच आमचं नशीब. आजही तो रस्ता लागला की हात स्टिअरिंगवर घट्ट होतात.

न झोपलेला माणूस आणि प्यायलेला माणूस

तुम्ही म्हणाल, एक रात्र झोप नाही झाली तर काय एवढं? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता आणि त्यांचे निष्कर्ष १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात आले. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची हात-डोळ्यांची सांगड रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढासळते. चोवीस तास जागरण झालं तर ती ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला जाते. आपल्याकडे गाडी चालवताना रक्तात किती अल्कोहोल चालतं? १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के.

आता नेहमीच्या शनिवार-रविवारच्या ट्रेकचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. शुक्रवारी कामावरून सुटून रात्रीचा प्रवास, शनिवारी चढाई, शनिवारी रात्री दगडावर तळमळ, रविवारी उतरणं आणि संध्याकाळी नाशिक-पुणे रस्त्यावर गाडी हाकत घर. या माणसाने दारूचा थेंबही घेतलेला नसतो. पण त्याचा मेंदू मात्र प्यायलेल्या माणसासारखा वागत असतो. ट्रेकमधले अपघात चढताना कमी आणि उतरताना जास्त होतात, असा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. पायांचा थकवा हे एक कारण आहेच. आदल्या रात्रीची अर्धवट झोप हे दुसरं, आणि त्याचा हिशेब कुणी धरत नाही.

गारठा खालून का येतो?

शरीराची उष्णता बाहेर जाण्याच्या चार वाटा आहेत. हवेच्या झोतातून, किरणांच्या रूपाने, घामाच्या बाष्पीभवनातून आणि चौथी थेट स्पर्शातून. दिवसा आपण चालत असतो तेव्हा ही चौथी वाट फारशी महत्त्वाची नसते, कारण जमिनीला फक्त तळवे लागलेले असतात. झोपलो की पाठ, नितंब, मांड्या, पोटऱ्या, खांदे असा शरीराचा बराच भाग जमिनीला टेकतो आणि ही वाट उघडते.

उष्णता कशातून किती सहज वाहते याला आकडा आहे. स्थिर हवेसाठी तो सुमारे ०.०२५, फोमसाठी ०.०४, कोरड्या लाकडासाठी ०.१५ आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्ट दगडासाठी साधारण २. म्हणजे दगड फोमच्या चाळीस-पन्नास पट वेगाने तुमची ऊब ओढून घेतो. जमीन ओली असेल तर आणखी वाईट, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट उष्णता वाहतं.

थोडा हिशेब करू. झोपलेलं शरीर साधारण ७० ते ८० वॅट उष्णता तयार करतं. जुन्या पिवळ्या बल्बएवढी समजा. त्वचेचं तापमान ३३ अंश, दगडाचं १० अंश आणि टेकलेला भाग सुमारे ०.४ चौरस मीटर धरला, तर एक सेंटिमीटर जाडीच्या फोममधून ३५-४० वॅट उष्णता खाली जाईल. म्हणजे मिळकतीच्या निम्मी. बाकी निम्मीत वरची थंडी भागवायची. ओढाताण आहे, पण चांगलं पांघरूण असेल तर जमतं. फोमऐवजी तीन मिलिमीटरची दबलेली सतरंजी असेल तर हाच आकडा कागदावर १८० वॅटच्या घरात जातो. प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण आधी पाठीची त्वचा गार पडते आणि खालचा दगड थोडा गरम होतो. पण मिळकतीपेक्षा खर्च जास्त झाला, हे खरंच असतं. मग शरीर तूट भरून काढायला थरथरतं. त्यालाच आपण हुडहुडी म्हणतो. थरथरताना झोप लागत नाही.

"पण माझी स्लीपिंग बॅग चांगली आहे" याचं उत्तरही इथेच आहे. स्लीपिंग बॅग असो वा गोधडी, ऊब कापूस किंवा पिसं देत नाहीत, त्यांच्यात अडकलेली हवा देते. अंगाखाली आलेला भाग आपल्या वजनाने चेपतो, हवा निघून जाते आणि उरतो नुसता कापड-कापसाचा थर. म्हणून कितीही भारी बॅग घेतली तरी खालची बाजू उघडीच राहते.

आपल्या जुन्या माणसांना हे आकडे माहीत नव्हते, पण मर्म माहीत होतं. शेताच्या राखणीला जाणारा माणूस खाली भाताचा पेंढा पसरतो. मेंढपाळ घोंगडीची घडी पाठीखाली घेतो. थंडीत बाजेवर झोपणारे आजोबा एक गोधडी अंगावर आणि दोन अंगाखाली घालतात, कारण बाजेच्या विणीतून खालून वारा लागतो. पेंढ्याच्या पोकळ काड्या, लोकरीचे कुरळे तंतू आणि आजच्या फोममधले बारीक बुडबुडे, तिघांचं काम एकच. हवा अडवून धरणं.

कडक जागा कंबरेला चांगली, हा समज

आता दुसरा प्रश्न, मऊपणाचा. इथे मला एक कबुली द्यायची आहे. डॉक्टरकीच्या सुरुवातीची कित्येक वर्षं मी कंबरदुखीच्या रुग्णांना "गादी सोडा, फळीवर नाहीतर जमिनीवर झोपा" असं बिनदिक्कत सांगत होतो. आमच्या पिढीला तसंच शिकवलं गेलं होतं. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना दोन गटांत विभागून एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम कडक गादी दिली होती. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला. तेव्हापासून मी फळीचा सल्ला देणं बंद केलं.

याचा अर्थ जमिनीवर झोपणं वाईट, असा अजिबात नाही. ज्यांना रोजची सवय आहे, त्यांचे सांधे आणि स्नायू त्याला सरावलेले असतात. प्रश्न आहे तो वर्षभर गादीवर झोपून एका रात्रीपुरता दगडावर आडवा होणाऱ्याचा. उताणं झोपलं की डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, माकडहाड आणि टाचा यांवर भार येतो. कुशीवर झोपलं की सगळा भार खांदा आणि खुबा या दोनच ठिकाणी. तिथे कातडीखाली लगेच हाड असतं. हाड आणि दगड यांच्यामध्ये बारीक रक्तवाहिन्या चेपतात, त्या भागाला रक्त कमी पोचतं, तो दुखू लागतो आणि आपण झोपेतच कूस बदलतो. ही शरीराची संरक्षक योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला आम्ही सांगतो, ते याच कारणासाठी. पण जागा फारच कडक असेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी कूस बदलावी लागते आणि गाढ झोप लागतच नाही.

मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना हा इशारा मिळत नाही. टाच रात्रभर दगडावर दबली तरी कळत नाही आणि सकाळी तिथे फोड असतो. अशा माणसाने टाचेखाली घडी केलेला कपडा ठेवून झोपावं. नेमका टेकू पोटरीखाली द्यावा, म्हणजे टाच अधांतरी राहते.

बाजारात काय मिळतं?

तीन प्रकार आहेत.

पहिला, बंद बुडबुड्यांच्या फोमची मॅट. गुंडाळून सॅकच्या बाहेर बांधतात ती. यातले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसल्याने ती पाणी पीत नाही आणि फारशी चेपतही नाही. काटा घुसला तरी काही बिघडत नाही. सहा फूट लांब, दीड-पावणेदोन फूट रुंद आणि एक सेंटिमीटर जाड मॅट पाव किलोच्या आसपास भरते. किंमत काही शे रुपये. दोष दोन. जागा खूप व्यापते आणि मऊपणा बेताचा.

दुसरा, आपोआप फुगणारी मॅट. आत स्पंज आणि बाहेर हवाबंद कापड. झडप उघडली की स्पंज पसरतो आणि हवा आत ओढतो. १९७० नंतरच्या मंदीत बोइंग कंपनीतून काम गेलेल्या जिम ली आणि नील अँडरसन या दोन अभियंत्यांनी अमेरिकेत सिएटलला ही कल्पना प्रत्यक्षात आणली. त्यातून थर्म-अ-रेस्ट ही मॅट आली. झोपायला उत्तम, पण या प्रकारातल्या बऱ्याच मॅट वजनाला जड असतात.

तिसरा, हवेची मॅट. फुगवली की दोन-तीन इंच जाड, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी. चांगल्या प्रतीच्या मॅटचं वजन चारशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतं. कुशीवर झोपणाऱ्याला हिच्यासारखं सुख नाही. पण लक्षात ठेवा, आत नुसती मोकळी हवा असेल तर ती हवा आतल्या आत फिरते आणि ऊब खाली वाहून नेते. स्थिर हवा ऊब राखते, फिरणारी राखत नाही. म्हणून चांगल्या मॅटमध्ये पडदे, कप्पे किंवा चकचकीत थर असतात आणि त्यामुळेच त्या महाग असतात. स्वस्तातली हवेची मॅट मऊ असते, पण थंडीत पाठ गारठवते.

मॅट घेताना एक आकडा जरूर पाहा, आर-व्हॅल्यू. उष्णतेला मॅट किती अडवते ते हा आकडा सांगतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो मोजत असे. आता गरम आणि गार पाट्यांमध्ये मॅट ठेवून मोजण्याची एक सामाईक चाचणी ठरली आहे आणि २०२० पासून मोठ्या कंपन्या तोच आकडा छापतात. साधारण हिशेब असा : उन्हाळ्यासाठी २ पेक्षा कमी चालतो, आपल्या सह्याद्रीच्या हिवाळ्यासाठी २ ते ३ पुरतो आणि हिमालयात बर्फावर झोपायचं असेल तर ५ किंवा त्याहून जास्त हवा. एक सेंटिमीटर फोमचा आकडा दीडच्या जवळपास येतो. सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे हे आकडे बेरजेचे आहेत. दीडच्या दोन मॅट एकावर एक टाकल्या की तीन झाले.

माझं मत

आता स्पष्ट सांगतो. मला दोन टोकाची माणसं भेटतात आणि दोघांशीही माझं पटत नाही.

पहिला गट म्हणतो, "मावळे काय मॅट घेऊन फिरत होते का? दगडावर झोपायला काय होतंय?" मावळ्यांविषयीचा आदर त्यांच्याइतकाच मलाही आहे. पण मावळा घोंगडी बाळगत होता आणि रोज भुईवर झोपत होता. त्याचं शरीर खुर्चीत बसून संगणक बघण्यात वाकलेलं नव्हतं. आणि खुद्द महाराजांनी दमलेल्या फौजेला विसावा दिला, त्या गडाचं नाव विश्रामगड झालं. विश्रांतीला कमीपणा मानण्याची रीत त्यांची नव्हती, ती आपली आहे.

दुसरा गट सामानाच्या प्रेमात असतो. परदेशी व्हिडिओ पाहून पंधरा-वीस हजारांची मॅट मागवतो आणि पहिल्याच ट्रेकला करवंदीच्या काट्यावर ती पसरतो. आपल्या डोंगरात करवंद, बोर, बाभूळ, घायपात यांची वस्ती आहे. मध्यरात्री हवा निघून गेलेली मॅट म्हणजे पातळ कापड. त्यापेक्षा सतरंजी बरी.

म्हणून सह्याद्रीत फिरणाऱ्या निरोगी माणसाला माझा सल्ला साधा आहे. बंद फोमची एक सेंटिमीटर जाडीची मॅट घ्या आणि डिसेंबर-जानेवारीत तिच्याखाली दुसरी, निम्म्या लांबीची टाका. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुरली की बास. पायांखाली रिकामी सॅक ठेवा. दोन्हींचं वजन मिळून चारशे ग्रॅमच्या पुढे जात नाही. आपल्या माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांत यंत्रं गुंडाळायला जो पांढरा फोम वापरतात, तोही जवळपास याच जातीचा असतो. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात तो मीटरवर मिळतो. दिसायला साधा, पण काम तेच करतो.

व्यायामाची योगा मॅट मात्र नेऊ नका. ती घसरू नये म्हणून घट्ट आणि जड केलेली असते. वजन किलो-दीड किलो आणि जाडी जेमतेम चार-सहा मिलिमीटर. सॅकमध्ये ओझं आणि पाठीला गारठा, असा दुहेरी तोटा.

हवेच्या मॅटवर पैसे कुणी खर्च करावेत? कुशीवरच झोप लागणाऱ्यांनी, पन्नाशी ओलांडलेल्यांनी, खांदा किंवा खुबा दुखत असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि हिमालयात जाणाऱ्यांनी. तिच्याखाली फोमची पातळ मॅट टाका. काटाही अडतो आणि ऊबही वाढते. सोबत पंक्चरच्या पट्ट्या ठेवा. तोंडाने फुगवू नका, पिशवीचा पंप वापरा. उंचीवर दमलेल्या अवस्थेत जोरजोरात फुंकलं तर चक्कर येते, दमेकऱ्यांना त्रास होतो आणि तोंडातली वाफ आत जाऊन बुरशी धरते ती वेगळीच.

आणखी एक आग्रह. दहा जणांच्या गटात सगळ्यांकडे हवेच्या मॅट असल्या तरी दोघांकडे फोमच्या असायलाच हव्यात. पाय मुरगळला किंवा हाड मोडलं तर फोम गुंडाळून बांधला की उत्तम आधार होतो. आणि जखमी माणूस मदत येईपर्यंत जमिनीवर पडून असेल तर त्याच्या अंगावर जॅकेटं टाकण्याआधी त्याच्याखाली मॅट सरकवायची. मणक्याला मार लागल्याचा संशय असेल तर त्याला हलवताना डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी एकदम कुशीवर वळवायचं. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. थरथर, अडखळतं बोलणं, बोटांनी साखळी न लागणं, झोकांड्या जाणं ही त्याची लक्षणं. ती दिसली तर आधी खालून अलग करा, ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण द्या, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्या. "थंडीवर उपाय" म्हणून दारू कधीही देऊ नका. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

पथारी टाकताना

जागा निवडताना खोलगट भाग टाळा. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन साचते. शांत थंडीच्या रात्री निफाडचा पारा नाशिकच्याही खाली जातो, हे आपण दरवर्षी बातम्यांत वाचतोच. किंचित उंचवट्यावर, वाऱ्याच्या आडोशाला झोपा. आधी काटे-खडे झाडा, मग ताडपत्री किंवा प्लास्टिक, त्यावर मॅट.

मॅट सापापासून वाचवत नाही, हे मुद्दाम लिहितो. मण्यार रात्री फिरते आणि भुईवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास, अशी सुरुवात होते आणि पुढे श्वास थांबतो. पूर्ण चेन लागणारा तंबू वापरा, किंवा मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारी बाजूंनी मॅटखाली खोचा. नेपाळमधल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना अशा दंशाचा धोका कमी असल्याचं दिसलं आहे. काही ग्रॅमचं ओझं आहे, जरूर न्या. आणि ही लक्षणं दिसली तर मांत्रिक नको, थेट दवाखाना.

चुलीच्या किंवा शेकोटीच्या जवळ फोम पसरू नका, ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो. कोळशाची शेगडी बंद तंबूत नेऊ नका. भाड्याच्या मॅटवर स्वतःची धुतलेली चादर टाका. माणसापासून सुटलेला खरजेचा किडा दोन-तीन दिवस कपड्यांत तग धरू शकतो आणि आदल्या रात्री त्या मॅटवर कोण झोपलं होतं, हे तुम्हाला माहीत नसतं.

हे फक्त ट्रेकवाल्यांसाठी नाही

शेवटचा मुद्दा माझ्या सगळ्यात जवळचा. सिन्नर हा वाटसरूंचा तालुका आहे. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आपल्याकडून पुढे पंढरीला जाते. रामनवमीच्या आधी घोटी-सिन्नर रस्त्याने मुंबईकडच्या पालख्या शिर्डीला चालत येतात. साठी-सत्तरीच्या आजी-आजोबा पावसाने भिजलेल्या मांडवात बारदान किंवा प्लास्टिकवर झोपतात आणि सकाळी पुन्हा चालू लागतात. त्यातल्या अनेकांना मधुमेह असतो, सांधेदुखी असते. त्यांच्या पायांना तेल चोळायला, फोडांना मलम लावायला, औषधं द्यायला आपल्या तालुक्यातले लोक दरवर्षी मनापासून पुढे येतात. मीही त्या रांगेत असतो.

मला वाटतं, या सेवेत एक भर घालायला हवी. दिंडीच्या ट्रकमध्ये पांघरुणांच्या गठ्ठ्याशेजारी फोमच्या मॅटचा एक गठ्ठा असावा. पाव किलोची वस्तू. धुता येते, पाणी पीत नाही, वर्षानुवर्षं टिकते. ट्रकातून जाणार असल्याने वजनाचाही प्रश्न नाही. ब्लँकेटं वाटणाऱ्या मंडळांनी दहा ब्लँकेटांमागे पाच मॅट घ्याव्यात, एवढंच माझं म्हणणं. भिजलेल्या भुईवर झोपणाऱ्या आजींना दुसऱ्या पांघरुणापेक्षा पहिल्या अंथरुणाची गरज जास्त असते.

त्या रात्री पट्ट्यावर ज्या आजोबांनी मला घोंगडी दिली, त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. सकाळी पैसे पुढे केले तर म्हणाले, "पुढच्या टायमाला खालचं घेऊन या, म्हणजे झालं." तेव्हापासून मी सॅक भरताना मॅट आधी बांधतो, बाकी सगळं नंतर. तुम्हीही पुढच्या शनिवारी तेवढंच करून बघा. रविवारी उतरताना पाय कसे पडतात आणि घरी जाताना डोळे किती उघडे राहतात, ते तुमचं तुम्हालाच कळेल.